चाकवत: न पेरलेल्या पिकाची गोष्ट

भावमिश्राच्या 'भावप्रकाशा'त भाज्यांच्या वर्गात वास्तूक नावाची एक भाजी आहे. तिला दिलेल्या नावांपैकी एक नाव 'शाकराट' असं आहे, म्हणजे भाज्यांचा राजा. वास्तूक म्हणजे उत्तरेतला बथुआ आणि आपल्याकडचा चाकवत. मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत कोशात 'चक्रवर्तिन्' हा शब्द काढला, तर सार्वभौम राजा वगैरे अर्थ देऊन झाल्यावर 'चिनोपोडियम आल्बम' असाही एक अर्थ दिलेला सापडतो. तोही चाकवतच.

आता दुसरं पुस्तक. १९७७ साली लिरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'द वर्ल्ड्स वर्स्ट वीड्स' हा जाडजूड ग्रंथ काढला. जगभरच्या शेतीला सर्वांत जास्त त्रास देणारी तणं त्यात एकत्र केली आहेत. त्या यादीतही चिनोपोडियम आल्बम आहे.

वनस्पती एकच. एका यादीत राजा, दुसऱ्या यादीत गुन्हेगार. मी व्यवसायानं सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एकाच वस्तूच्या दोन ठिकाणी दोन विरुद्ध नोंदी दिसल्या की आम्ही वस्तूकडे बघायच्या आधी नोंद कुणी केली आणि कशासाठी केली हे बघतो. चाकवताच्या बाबतीत हा प्रश्न विचारत गेलं, की इतिहास थेट माझ्या आजोळी येऊन पोचतो. म्हणून हा लेख.

गाव आणि गवत

माझं आजोळ लोणी भापकर, तालुका बारामती. मोरगावच्या गणपतीहून आग्नेयेला आलं की हे गाव लागतं. इतिहासाची आवड असणाऱ्यांना ते मल्लिकार्जुनाच्या मंदिरासाठी, त्यापुढच्या देखण्या पुष्करणीसाठी आणि यज्ञवराहाच्या शिल्पासाठी माहीत असतं. वराह हा पृथ्वीला पाण्याबाहेर काढणारा अवतार. इथं मात्र पृथ्वी कोरडी आणि पाणी शोधावं लागतं अशी स्थिती. नीरा डावा कालवा गावाच्या दक्षिणेकडून, खालच्या अंगानं जातो. 'बारामती' म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे जो ऊस येतो, तो त्या कालव्याचा. कालव्याच्या वरचा भाग जिरायती. एकाच तालुक्यात दोन तालुके आहेत, असं आमचा मामा म्हणतो, ते काही खोटं नाही.

या दोन्ही तालुक्यांत चाकवत उगवतो. हिवाळ्यात, रब्बीच्या पिकात, कांद्यात, गव्हात, हरभऱ्यात, विहिरीच्या पाटाच्या कडेला आणि उकिरड्याच्या आसपास तर हमखास. पानांचा आकार हंसाच्या पावलासारखा. 'चिनोपोडियम' या ग्रीक शब्दांतून घडवलेल्या नावाचा अर्थच हंसाचं पाऊल. कोवळ्या शेंड्यावर पांढरी भुकटी असते, बोटाला लागते. लिनिअसनं १७५३ साली नाव देताना 'आल्बम' म्हणजे पांढरा हे विशेषण लावलं, ते या भुकटीला शोभणारं आहे. आयुर्वेदात याच भाजीला 'क्षारपत्र' असंही म्हटलं आहे.

आधी चिनोपोडियमचं कुळ वेगळं मानत. १९९८ साली वनस्पतींच्या जनुकीय अभ्यासावर आधारलेलं नवं वर्गीकरण आलं आणि त्यानं हे कुळ माठाच्या कुळात घातलं. त्या हिशेबानं माठ, तांदुळजा, राजगिरा, कुरडू, आघाडा, पालक, बीट, चंदनबटवा आणि चाकवत हे सगळे आता एका घरचे. यातले काही वाफ्यात राहतात, काही बांधावर. चाकवत दोन्हीकडे राहतो. मंडईत जुडी मिळते ती लावलेल्या चाकवताची, आणि शेतात खुरप्याखाली येतो तो आपोआप आलेला.

आपोआप हा शब्द मात्र पुरता खरा नाही. चाकवताचं बी जनावरानं खाल्लं तरी त्यातलं बरंच शेणातून जिवंत बाहेर पडतं. शेण उकिरड्यावर जातं, उकिरडा शेणखत म्हणून शेतात जातो. चांगल्या शेतकऱ्यानं चांगलं खत टाकलं, की त्यानं नकळत चाकवतही पेरलेला असतो. शिवाय हे झाड नत्राचं भुकेलं. जिथं जमीन कसलेली आणि खतावलेली, तिथं ते जोमानं येतं. रानावनातल्या निबिड जंगलात चाकवत शोधायला जाऊ नये. तो माणसाच्या मागेमागे फिरतो. नांगर, गोठा, उकिरडा आणि पाट ही त्याची वस्ती. त्याला जंगली म्हणायचं ते फक्त आपण त्याला बोलावलं नाही म्हणून.

थांबणारं बी

चाकवताची मोठी चलाखी बियांत आहे. एका झाडाला हजारो बिया येतात, मोठ्या झाडाला पन्नास हजारांच्याही वर. मुख्य म्हणजे त्या एकसारख्या नसतात. थोड्या तपकिरी, पातळ सालीच्या. बहुतेक काळ्या, जाड सालीच्या. तपकिरी बी ओल मिळाली की लगेच उगवतं. काळं बी थांबतं. जमिनीत खोल गेलं तर वर्षानुवर्षं, कधी कधी दशकानुदशकं निजून राहतं. नांगरटीनं ते वर आलं, त्याला उजेड लागला, की जागं होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळा डेटा एका सर्व्हरवर ठेवायचा नाही, हे या झाडाला आपल्या कितीतरी आधी कळलेलं आहे.

लागवड म्हणजे नेमकं काय, हे या दोन बियांवरून समजतं. माणूस बी पेरतो तेव्हा त्याला ते एकदम, एका वेळी उगवायला हवं असतं. जे बी थांबतं ते त्या हंगामाच्या कापणीत येत नाही, म्हणून पुढच्या पेरणीतही जात नाही. पिढ्यान्‌पिढ्या असं झालं की पातळ सालीचं बी उरतं. म्हणजे पीक होण्यासाठी वनस्पतीला थांबण्याची सवय सोडावी लागते. त्या बदल्यात तिच्यासाठी थांबायला माणूस हवा.

हे प्रत्यक्षात घडलेलं आहे. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात चाकवताचा एक भाऊबंद, चिनोपोडियम बर्लांडिएरी, तिथल्या मूळ रहिवाशांनी सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी धान्य म्हणून माणसाळवला. पुरातत्त्वज्ञांना कोरड्या गुहांत त्याच्या बियांचे साठे सापडले. त्या बियांची साल रानटी बियांपेक्षा स्पष्टपणे पातळ होती, आणि त्यावरूनच ते पीक होतं हे ठरलं. पुढे मका आला, पसरला, आणि हे धान्य मागे पडत पडत नाहीसं झालं. रानटी चिनोपोडियम आजही तिथं रस्त्याकडेला उगवतं. पातळ सालीचं मात्र संपलं, कारण पेरणारा हात थांबला तेव्हा त्याच्याकडे थांबण्याची शक्ती उरली नव्हती.

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात दुसरा भाऊबंद टिकला. त्याला आज सगळं जग किनवा म्हणून ओळखतं. खुद्द आपल्या हिमालयात, हिमाचलच्या डोंगराळ गावांत, बाथू नावानं चिनोपोडियमचं धान्य पिकवत. १९८० च्या दशकात तेज प्रताप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा नीट अभ्यास करून ठेवला आहे.

युरोपात डेन्मार्कमध्ये १९५० साली दलदलीत टोलुंड मॅन सापडला. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी मारला गेलेला, पण दलदलीनं जपलेला माणूस. त्याच्या पोटात शेवटच्या जेवणाचे अवशेष होते. सातू आणि जवस यांच्या बरोबरीनं त्यात रानटी बियाही होत्या, आणि त्यांत चाकवताचं बी होतं. ते मुद्दाम वेचून घातलं होतं की सातवासोबत कापणीत आलं होतं, यावर वाद घालता येईल. मला त्या वादाइतकंच हेही महत्त्वाचं वाटतं, की त्याच्या घरच्यांनी ते निवडून टाकलं नाही. पीक आणि तण यांच्यामध्ये तेव्हा आजच्याइतकी उंच भिंत नव्हती.

महाराष्ट्रात मात्र चाकवताचं बी खाण्याची रीत नाही. आपण पान खातो. म्हणून आपला लावलेला चाकवत अर्धाच माणसाळला. त्याची पानं मोठी आणि लुसलुशीत झाली, पण बी काळं आणि चिवट ते चिवटच राहिलं. मोल्सवर्थच्या कोशात 'चाकवत' हा शब्द आहे, म्हणजे मराठी घरांत तो काही काल आलेला नाही. पण तो पुरता पाळीवही झाला नाही. घरात यावं, जेवावं, पण रात्री मुक्कामाला आपल्या घरी जावं, असं त्याचं वागणं.

आण्यांत मोजलेली जमीन

भिंत उंच कधी झाली? एका दिवसात नव्हे. पण तिचा एक चिरा आमच्या शेजारच्या तालुक्यात बसवला गेला, असं म्हणता येतं.

१८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापुरात जमीनमोजणी करून तीस वर्षांची नवी सारापद्धत लागू केली. पुढे मुंबई इलाखाभर जी 'सर्व्हे सेटलमेंट' गेली, तिची सुरुवात इंदापूरची. प्रत्येक शेताला नंबर, प्रत्येक शेताची हद्द, आणि प्रत्येक शेताच्या मातीची प्रत. १८४७ च्या संयुक्त अहवालात या पद्धतीचे नियम पक्के झाले. माती किती खोल आणि कोणत्या रंगाची हे बघून तिचे नऊ वर्ग पाडायचे, सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत. चुनखडी, वाळू, उतार, पाणथळपणा हे दोष आढळले की खुणा करून वर्ग उतरवायचा.

एखादा डेटाबेस मनापासून कसा रचावा याचा हा नमुना आहे, आणि मी तो कौतुकानंच बघते. आजचा सातबारा आणि गटनंबर याच वंशातले. पण प्रत्येक नोंदवहीला तिच्या रकान्यांपुरतंच दिसतं. या नोंदवहीला माती दिसली, मालक दिसला, सारा दिसला. पुढे पिकांच्या नोंदी आल्या, तेव्हा पेरलेलं दिसलं. न पेरता आलेल्या आणि तरीही घरात शिजलेल्या गोष्टीसाठी रकानाच नव्हता.

लोणीच्या उत्तरेला सुपे आहे, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलं. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले, आणि दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदलेला उठाव तिथून सुरू झाला. लोकांचा राग कागदांवर होता. कर्जरोखे, गहाणखतं, हिशेबाच्या वह्या त्यांनी जाळल्या. अशा कागदांत जमीन असते, उभं पीक असतं, बैल असतात, घर असतं. खुरप्याखाली येणाऱ्या भाजीला त्यात जागा नसते. चाकवत लिहिला न जाण्याचा एक फायदा हाही होता: जे कुठं लिहिलेलं नाही ते जप्तही होत नाही.

'दुष्काळी अन्न'

दंग्यांनंतर वर्षभरातच १८७६-७८ चा मोठा दुष्काळ आला. सरकारी दुष्काळी कामांवर रिचर्ड टेंपलनं माणशी रोजचं धान्य एक पौंडापर्यंत खाली आणलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे मांडली आणि या कपातीला विरोध केला. शतक संपता संपता १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे आणखी दोन दुष्काळ पडले. त्यानंतर सरकारला एक नवी यादी करावीशी वाटली: धान्य नसताना लोक काय खातात? पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या जी. ए. गॅमी यांची मुंबई इलाख्यातल्या दुष्काळात खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींवरची टिपण्णी १९०२ साली प्रसिद्ध झाली.

हे काम मोलाचं होतं. पण अशा याद्यांमुळे शेताबांधावरच्या भाज्यांना एक नाव चिकटलं: 'दुष्काळी अन्न'. म्हणजे उपाशी माणूस नाइलाजानं खातो ते. जगात इतरत्रही चिनोपोडियमच्या वाट्याला हेच आलं. रशियात १८९१ च्या दुष्काळात राय पिकली नाही, तेव्हा लोकांनी चाकवताच्या भाऊबंदांचं बी दळून त्याचा पाव केला. टॉलस्टॉयनं त्या वर्षी दुष्काळावर जे लिहिलं, त्यात त्या पावाचा उल्लेख आहे. रशियन भाषेत त्या वनस्पतीचं नाव 'लेबेदा' हे आजही उपासमारीची आठवण घेऊन येतं.

मीही वाचून वाचून हेच समीकरण मांडलं होतं आणि ते घेऊन आजीकडे गेले. आजी १९७२ च्या दुष्काळात पंचविशीची होती. दोन पोरं घरी ठेवून ती खडी फोडायला जायची. मी विचारलं, "आजी, बहात्तरला तुम्ही चाकवत, तांदुळजा असलंच खाऊन दिवस काढले का गं?"

आजीनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की इतकी शिकली पण हिला हे ठाऊक नाही. "आगं, दुष्काळात कुठला आलाय चाकवत? मातीला ओल नाही तर ज्वारी येत नाही, मग चाकवत काय आभाळातनं येतोय? आम्ही मिलो खाल्ला, सुकडी खाल्ली. चाकवत सुकाळाचा. ज्या वर्षी पांढऱ्या शेंड्याचा चाकवत लई, त्या वर्षी ज्वारी बी लई."

या तीन-चार वाक्यांत जे आहे ते मला कुठल्या यादीत मिळालं नव्हतं. बहात्तरला लोकांना जगवलं ते अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोनं, सुकडीनं आणि दुष्काळी कामांच्या मजुरीनं, ज्यातून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. चाकवताचं काम वेगळं होतं. तो चांगल्या वर्षातला, खतावलेल्या जमिनीतला, वाफशावरचा पाहुणा. पेरलेल्या पिकाबरोबर येणारं ते दुसरं, छोटं पीक होतं. रब्बीची ज्वारी फेब्रुवारीत निघायची, पण चाकवत नोव्हेंबर-डिसेंबरातच ताटात असायचा. मुख्य पीक हाती येण्याआधीचे जे आठवडे असतात, ज्यांत घरातलं जुनं सरत आलेलं असतं, ते आठवडे तो भरून काढायचा.

खुरप्याची मालकी

ते दुसरं पीक कुणाचं होतं? सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याचं नव्हे. ते खुरपणाऱ्या बाईचं होतं.

आमच्याकडची रीत अशी. खुरपायला सावडीनं किंवा रोजानं गेलेल्या बाया ओळ धरून पुढे सरकतात. गवत एका बाजूला पडतं, ते दुपारी जनावरांसाठी भाऱ्यात बांधतात. भाजीचं मात्र तिथल्या तिथं निवडून ओट्यात जातं. चाकवताचे शेंडे, तांदुळजा, घोळ, पाथरी. शेतमालक कुणीही असो, ही भाजी नेऊ नको असं कुणी म्हणत नसे. मजुरी रोख मिळो वा धान्यात, संध्याकाळची भाजी हा त्यातला न लिहिलेला हिस्सा. ज्यांच्याकडे स्वतःची जमीन नव्हती त्या घरांत हिवाळाभर हिरवी भाजी याच वाटेनं यायची.

घरी आल्यावर चाकवत चिरून शिजवायचा, घोटायचा, त्यात ताक आणि डाळीचं पीठ, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, वरून लसणाची फोडणी. ताकाबरोबर हरभरा असतो तो चवीसाठी, पण घरोघरच्या या रीतीत शहाणपणही आहे. चाकवतात, पालकात असतं तसं, ऑक्झॅलिक आम्ल असतं. ते कॅल्शियमला धरून बसतं. ताकातलं कॅल्शियम त्याच्याशी ताटातच हिशेब मिटवतं. आजीला हे रसायन माहीत नाही. ताकाशिवाय चाकवत 'घशाला धरतो' एवढं तिला माहीत आहे.

खुरप्याच्या या मालकीला धक्का लागला तो तणनाशकानं. 'टू फोर डी' हे रसायन १९४० च्या दशकाच्या मध्याला बाजारात आलं. रुंद पानाची तणं मारायची आणि गव्हासारख्या गवतवर्गीय पिकाला सोडायचं, हे त्याचं काम. चाकवत रुंद पानाचा, म्हणजे थेट नेमावर. मग अ‍ॅट्राझिन आलं, मेट्रिब्युझिन आलं. कालव्याखालच्या उसाच्या पट्ट्यात, जिथं सोमेश्वर आणि माळेगावचे कारखाने उभे राहिले, तिथं मजूर मिळेनात तसा फवारा सोयीचा झाला. पुढे बोअर आणि ठिबकबरोबर तो कालव्याच्या वरही आला. मामाला मी दोष देत नाही. खुरपणीची मजुरी आणि कांद्याचा भाव यांचा मेळ बसवायला माझ्याकडेही दुसरं उत्तर नाही.

शिवाय फवारा चाकवताला संपवतो असंही नाही. अ‍ॅट्राझिनला दाद न देणारा चाकवत उत्तर अमेरिकेत १९७० च्या दशकातच सापडला. काळ्या बियांचा साठा जमिनीत असतोच. फवारा संपवतो ते दुसरंच काहीतरी. फवारलेल्या रानातला चाकवत उगवला तरी खुडायचा नसतो. युरियावर पोसलेल्या रानात त्याच्या पानांत नायट्रेट साठतं, म्हणून तोही बेतानंच खावा. झाड तेच राहतं, पण ते खाणं उरत नाही. खुरपणीचा रोज गेला, त्याबरोबर ओट्यातली भाजी गेली. रोज गेल्याची थोडीफार नोंद कुठंतरी होते. भाजी गेल्याची होत नाही, कारण ती होती याचीच नोंद नव्हती.

निर्भेळ

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. आधी तलाठी करत असे ती नोंद आता शेतकरी स्वतः मोबाइलवर, पिकाच्या फोटोसह करतो. मामाच्या मोबाइलवर ती मीच भरून देते. त्यात पिकाचा प्रकार निवडताना एक पर्याय येतो, 'निर्भेळ पीक'. दुसरा, 'मिश्र पीक'. विमा, नुकसानभरपाई, हमीभावानं खरेदी, सगळं पुढे या नोंदीला जोडलेलं. व्यवस्था म्हणून ती गरजेची आहे, आणि अशा व्यवस्था बांधणं हाच माझा धंदा असल्यामुळे तिची अडचणही मला कळते. याद्या मर्यादित ठेवाव्या लागतात. जे मोजता येत नाही त्याला पर्याय देता येत नाही.

पण 'निर्भेळ' हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. निर्भेळ कांदा म्हणजे ज्यात भेसळ नाही असा कांदा. म्हणजे चाकवत ही भेसळ. इंदापूरच्या १८३६ च्या मोजणीपासून या पर्यायापर्यंतची वाट सरळ नाही, पण दोन्हीकडे दृष्टी एकच आहे: शेत म्हणजे एक मालक आणि एक पीक. आजीच्या दृष्टीनं शेत म्हणजे एका जमिनीवर एकमेकांत गुंतलेले अनेक हक्क. ज्वारी मालकाची, कडबा बैलांचा, गवत म्हशीचं, चाकवत खुरपणारीचा, आणि पडलेलं कणीस वेचणारीचं.

या गोष्टीला एक ताजी जोडणी आहे. बारामतीजवळ माळेगाव खुर्दला २००९ साली राष्ट्रीय अजैविक स्ट्रेस प्रबंधन संस्था उभी राहिली. दुष्काळ, क्षार, उष्णता अशा ताणांत शेती कशी टिकेल, याचा अभ्यास तिथं चालतो. २०१३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी किनवाचं वर्ष म्हणून साजरं केलं आणि किनवा जगभर गाजला. या संस्थेनंही मुरमाड, कमी पाण्याच्या जमिनीत किनवाचे प्रयोग केले आहेत. म्हणजे अँडीजमध्ये माणसाळलेला चाकवताचा भाऊ आमच्या तालुक्यात मानानं, वाफ्यात, पाटी लावून आला. मला याचा राग नाही. असे प्रयोग व्हायलाच हवेत. फक्त गंमत बघा: भाऊ पाटीसह आत आला, तेव्हा इथला भाऊ पलीकडच्या उसात फवाऱ्याखाली होता.

मग चाकवत वाफ्यात घ्यावा हाच उपाय का? काही शेतकरी घेतातच. बी मोहरीहूनही बारीक, म्हणून वाळूत मिसळून फेकायचं, हलक्या हातानं मातीत मिसळायचं, पाणी द्यायचं, आणि महिना-दीड महिन्यात जुड्या बांधून बाजारात. चार झाडं बियाण्याला सोडायची, ती छातीइतकी वाढतात. अशी लागवड वाढली तर चांगलंच आहे. त्यानं शहरातल्या माझ्यासारखीला चाकवत मिळेल. पण जिच्या ओट्यात तो फुकट यायचा, तिला आता तो जुडीच्या भावानं घ्यावा लागेल. लागवडीनं वनस्पती वाचते. तिच्यावरचा हक्क वाचतोच असं नाही. वनस्पतीचा इतिहास लिहिताना आपण या दोन गोष्टी फार सहज एक धरतो.

करता येण्यासारखं आहे ते लहान आहे. बांधालगतच्या आणि पाटाकडेच्या दोन-दोन ओळी फवारायच्या नाहीत, त्या हातानं खुरपायच्या, आणि त्यातली भाजी खुरपणारीनं न्यायची. मामानं गेल्या दोन हिवाळ्यांत कांद्याच्या रानात एवढं केलं आहे. त्याचं उत्पन्न यानं वाढलं नाही, फारसं घटलंही नाही. ई-पीक पाहणीत ते रान अजूनही निर्भेळ कांदाच आहे. खुरपायला येणाऱ्या बायांपैकी ज्या वयस्क आहेत त्या चाकवत बघताक्षणी ओळखतात. त्यांच्या सुना मात्र प्रत्येक शेंडा हातात धरून विचारतात, "आत्या, हे खायचंय का टाकायचं?" काळ्या सालीचं बी आणखी वीस वर्षं मातीत थांबेल. त्या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या बाया तितकी वर्षं असणार नाहीत, म्हणून तो प्रश्न आत्ताच, त्या ओळींत, विचारला जायला हवा.